मुलाला रिझवू नका, रमू द्या!

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याचा विषय काढणे म्हणजे लग्नघरात बारशाची वाजंत्री ठरवण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. घरोघर करंज्यांचे सारण भाजले जात असताना वैशाखातल्या दुपारची आठवण कोणाला हवी? पण ज्या घरात दीड ते साडेतीन वर्षांचे मूल आहे, त्या घराने हा विचार आताच केलेला बरा. एप्रिल-मे उजाडला की विचार करण्याइतके त्राणच कोणाच्या अंगात उरत नाही. आणि हे न उरलेले त्राण हाच आजचा विषय आहे.

आमचे श्रीरामपूर हे पाटपाण्याचे गाव. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा मुलूख हिरवा केला. ऊस आणि मोसंबी पाहून परगावच्या पाहुण्याला वाटते, येथे उन्हाळा सौम्य असेल. तसे मुळीच नाही. चैत्र सरता सरता पारा चाळिशी ओलांडतो. पाटाला आवर्तन सुटले म्हणून काही बाजारपेठेतल्या दोन खोल्यांत गारवा येत नाही. बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. कूलर गरम हवाच ओली करून फेकीत असतो, आणि मध्येच वीज गेली तर तेही सुख संपते.

अशा वेळी घरात जागे असतात दोघेच. एक, पहाटेपासून उभी असलेली आई. आणि दुसरे, तिचे दोन वर्षांचे अपत्य. आईला पाठ टेकायची असते. अपत्याला मात्र कपाटावर चढायचे असते, पिठाचा डबा उघडायचा असतो, आणि हे सारे आईनेही पाहावे असा त्याचा आग्रह असतो. ती पहिला तास गोष्ट सांगते, दुसरा तास दटावते, आणि तिसऱ्या तासाला एक धपाटा बसतो. मूल रडून रडून झोपते. आई जागीच राहते आणि त्या धपाट्याचे दुःख उगाळीत बसते.

हा आळस नव्हे

अशा आईला 'आमच्या वेळी नव्हते हो असे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आधी एक आकडा सांगावासा वाटतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक जणी! रक्त कमी असले म्हणजे जिना चढताना धाप लागते, डोके जड होते, चिडचिड वाढते. त्यावर उन्हाळ्याची अपुरी झोप. अशा बाईला कोणी आळशी म्हटले तर तो अन्याय आहे. तिने रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, हा मुलाच्या करमणुकीचा पहिला उपाय समजावा.

आणि 'आमच्या वेळी' म्हणजे तरी काय होते? माळवदी घर होते. जाड भिंतींमुळे ओसरी भर दुपारीही गार असे. आजी, आत्या, काकू अशी चार माणसे वावरत असत. शिवाय उन्हाळा हा वाळवणांचा हंगाम. शेवया, कुरडया, पापड, सांडगे! कुरडयांचा चीक शिजला की पोरांना वाटीभर मिळे. पापडाच्या लाट्या पळवता येत. वाळवणावर कावळे बसू नयेत म्हणून हातात काठी देऊन पोरांनाच राखणीला बसवीत. बोबडे बोलणारे पोरही 'हा!' करून कावळा उडवी आणि आपण घराला उपयोगी पडलो म्हणून फुशारून जाई.

त्या घरात मुलाची करमणूक करीत कोणीच बसलेले नसे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोठी माणसे आपले काम करीत आणि मूल त्यात लुडबुडे. त्या लुडबुडीतच त्याची दुपार निघून जाई. आज ओसरी गेली, आत्या नोकरीला लागली, कुरडया दुकानातून येऊ लागल्या. आणि चार माणसे मिळून जे आपोआप घडत होते, ते एकट्या आईने मुद्दाम घडवावे अशी अपेक्षा मात्र उरली.

दोन क्रियापदे

मराठीच्या मास्तराला व्याकरणाची खोड सुटत नाही, म्हणून दोन क्रियापदे वाचकांपुढे ठेवतो. 'रिझवणे' आणि 'रमणे'. रिझवायला दुसरा माणूस लागतो. रमायचे मात्र ज्याचे त्यानेच. मुलाला रिझवीत बसले की रिझवणारा थकतो आणि मूल अधिकाधिक मागते. मूल रमले की दोघांनाही विसावा मिळतो.

हे केवळ शब्दांचे खेळ नाहीत. १९०७ सालच्या जानेवारीत रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवीत असलेली त्यांनी पाहिली. बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. बाईंनी इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, खुर्चीसकट तिला उचलून टेबलावर ठेवले; मुलीने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग आपण होऊन थांबली. थांबली तेव्हा ती दमलेली नव्हती, उलट झोपून उठल्यासारखी ताजी दिसत होती. त्याच बालगृहात छान छान खेळणीही होती. मुले त्यांच्याकडे फारशी फिरकत नसत. त्यांना हवे होते काम.

महाराष्ट्रात हाच विचार ताराबाई मोडक यांनी साध्या माणसांच्या अंगणात नेला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. परदेशी पद्धतीची महाग साधने त्या गावात कोठून आणायची? त्यांनी शिंपले, बिया, पाने, काटक्या, खडे हीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी निघाली. १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले, आणि १९७५ पासून सरकारच्या बालविकास योजनेत अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. अंगणातल्या वस्तूंवर जर बालवाडी चालते, तर स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर एक दुपार का निघू नये?

बसल्या जागी चालणारे कारखाने

तेव्हा आईने खाली चटई टाकून आडवे व्हावे आणि मुलाला हाताच्या अंतरावर एखादे काम लावून द्यावे. कामे अशी निवडावीत की पसारा झाला तरी पाच मिनिटांत आवरेल.

सर्वांत स्वस्त काम पाण्याचे. परातीत दोन बोटे पाणी, एक वाटी, एक पेला, एक मोठा चमचा. या भांड्यातून त्या भांड्यात ओतणे, सांडणे आणि सांडलेले फडक्याने पुसणे. पुसणे हाही खेळाचाच भाग, हे विसरू नये. मुलाला ओतण्याइतकेच पुसणे आवडते. घरात शहाबादी फरशी असेल तर ओल्या फडक्याने किंवा जुन्या ब्रशाने तिच्यावर चित्रे काढू द्यावीत. उन्हाळ्यात चित्र पाहता पाहता वाळते आणि पाटी पुन्हा कोरी होते. वैशाखाचा एवढा एकच उपकार आहे, तो करून घ्यावा.

दुसरे काम कांद्या-बटाट्यांचे. आपल्या जिल्ह्यात उन्हाळी कांद्याला तोटा नाही. टोपलीतले कांदे एकीकडे, बटाटे दुसरीकडे. मग मोठे इकडे, लहान तिकडे. कांद्याची वरची सुकी साले काढण्यात दोन-अडीच वर्षांचे मूल अर्धा तास सहज गुंतते. वाळलेल्या कपड्यांतून बाबांचे मोजे जोडीने लावणे, रुमालांच्या घड्या घालणे, वाट्यांची उतरंड रचणे, कणकेचा गोळा थापणे, ही त्याच जातीची कामे.

तिसरे काम आईच्या पाठीवरचे. आई पालथी निजली की ती दौंड-मनमाड रेल्वे होते. पायाच्या टाचेला दौंड, पोटरीला नगर, कमरेला राहुरी, पाठीला बेलापूर म्हणजे आपले श्रीरामपूर, खांद्याला कोपरगाव, मानेशी मनमाड! मुलाने लाकडी गाडी किंवा नुसती मूठ चालवीत न्यावी. प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबलीच पाहिजे आणि हमालांनी माल उतरवताना जरा जोर लावलाच पाहिजे. पाय चेपून मिळतात, आणि गाडीला कितीही उशीर झाला तरी तक्रार करायला उतारू नसतात.

चौथे, पलंगावरून जुने लुगडे सोडून त्याची कोपी करून द्यावी. ऊसतोडणीच्या दिवसांत आपल्या भागात दिसते तशी. आत एक उशी, एक पाण्याचे भांडे. त्या अंधाऱ्या कोपीत शिरलेले मूल पुष्कळदा तेथेच झोपी जाते.

एकाच वेळी एकच वस्तू द्यावी, ही यातली मेख. दहा खेळणी पुढे ओतली की मूल एकातही रमत नाही. आणि रमलेल्या मुलाला 'शाब्बास' म्हणण्यासाठीसुद्धा हाक मारू नये. हाक मारली की समाधी भंगते आणि तपस्वी आपल्या अंगावर येऊन बसतो.

थोडी पथ्ये

मोबाइल देऊन दुपार काढणे सोपे आहे, आणि एखाद्या दिवशी तसे झाले म्हणून कोणी गळा काढू नये. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाहून अधिक दाखवू नये. पडदा मुलाला रिझवतो. तो बंद केला की रिझवण्याचे काम दुप्पट होऊन आईकडे येते. त्याच संघटनेने एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप सांगितली आहे. म्हणून सकाळी ऊन तापण्यापूर्वी मुलाला तासभर बाहेर पळू द्यावे. सकाळी न पळालेले मूल दुपारी झोपत नाही.

पाण्याच्या खेळाला परातच घ्यावी, बादली नव्हे. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकते. खेळ संपताच परात ओतून टाकावी. आईला डुलकी लागेल असे वाटले तर पाणी आधीच उचलावे. चिंचोके, शेंगदाणे, मणी एवढ्या लहान मुलाच्या हाती देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. चालू कूलरला ओल्या हाताने शिवू देऊ नये. मूल मलूल झाले, तोंड कोरडे पडले, लघवी कमी झाली तर खेळ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

दुपारची सावड

एवढे करूनही एकटी आई एकटीच राहते. त्यावर उपाय आपल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वी शोधला आहे. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. याला सावड म्हणतात. एकाच आळीतल्या किंवा एकाच इमारतीतल्या तीन आयांनी दुपारची सावड घालावी. आठवड्यातून दोन दुपारी आपल्याकडे तीन मुले, आणि चार दुपारी आपण मोकळ्या! तीन मुले म्हणजे तिप्पट त्रास असे वाटते. पण जागती आई ताजी असली तर तीन मुले एकमेकांनाच पुरतात, आणि बाकीच्या दोघी निश्चिंत झोपू शकतात.

रविवार राहिला. तो बाबांचा. 'मी आठवडाभर राबतो' हे उत्तर येथे चालणार नाही, कारण आठवडाभर राबलेली दुसरी व्यक्तीही त्याच घरात आहे. शिवाय मालगाडी चालवायला बाबांची पाठ अधिक रुंद असते.

हे सारे ठरवायला वैशाखाची वाट पाहू नये. या चार दिवसांत फराळाची ताटे घेऊन आपण शेजारणींच्या दाराशी जाणारच आहोत. ताट हाती देताना म्हणावे, "वहिनी, चिवडा कसा झालाय ते सांगा; आणि हो, मे महिन्यातल्या मंगळवार-शुक्रवारच्या दुपारी तुमचा बाळ आमच्याकडे."