पेडगावची हरवलेली लेक

आमच्या गावाचं नाव सांगितलं, की समोरचा माणूस आधी हसतो. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग प्रत्येकानं शाळेत केलेला असतो. मग मला खुलासा करावा लागतो, की लोक त्या वाक्प्रचाराशी जोडतात ते पेडगाव श्रीगोंद्याकडचं, भीमेच्या काठचं, बहादूरगडाचं. आमचं पेडगाव परभणीजवळचं, मनमाडच्या रेल्वेमार्गावरचं एक छोटं स्टेशन. पण वेड पांघरण्यात आम्हीही काही कमी नाही. आमच्या घरानं एका मुलीच्या बाबतीत शंभर वर्षं वेड पांघरलं होतं. आज तिच्याबद्दल सांगायचं आहे. आणि घरातून निघून गेलेलं माणूस शोधायचं तर कुठे शोधायचं, हेही.

माझ्या दादीचं माहेर आणि सासर दोन्ही पेडगावच. शबेबरातीच्या रात्री आमच्याकडे हलवा करतात आणि घरातल्या मयतांची नावं घेऊन फातिहा देतात. दादीला सगळी नावं पाठ. तिचे आजोबा, चुलते, पाळण्यातच गेलेली पोरंसुद्धा. एकदा मी विचारलं, ‘तुझ्या अब्बांना बहीण नव्हती का?’ ती म्हणाली, ‘होती एक. नन्ही. दुष्काळात पटकीनं गेली.’ मी म्हटलं, ‘मग तिचं नाव का घेत नाही?’ दादीनं हलव्यावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाली, ‘झोप आता.’

दादी १९९२ साली गेली. त्यानंतर कधीतरी माझ्या डोक्यात उजेड पडला. मेलेल्यांची नावं फातिहात येतात. नन्हीचं येत नव्हतं. म्हणजे ती मेली, हे सांगणाऱ्यालाही खरं वाटत नव्हतं. पुढे फुफीनं, म्हणजे अब्बांच्या थोरल्या बहिणीनं, अडखळत जेवढं सांगितलं ते असं : दुष्काळात नन्हीची आई दोन्ही लेकरं घेऊन रेल्वेच्या भरावावर माती टाकायला जायची. ते काम संपल्यावर ती नगरच्या बाजूला चालत गेली. परत आली तेव्हा बोटाला एकच लेकरू होतं.

हा दुष्काळ १८९९-१९०० चा. आमच्याकडच्या जुन्या कागदांत तो फसली १३०९ म्हणून सापडतो. निजामाच्या राज्यात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग याच सुमारास बांधून होत होता. निजामाच्या मुलखातून हजारो माणसं इंग्रजी हद्दीतल्या दुष्काळी कामांवर गेली. त्यांच्यामागे अनाथ झालेली, चुकलेली, किंवा आईनं मन घट्ट करून कुणाच्या तरी हवाली केलेली मुलं मिशनच्या आश्रमांत पोचली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं होतं. तिथल्या रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना या दुष्काळातल्या कामाबद्दल सरकारनं कैसर-ई-हिंद सुवर्णपदक दिलं. केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींना आसरा दिला. स्वतः रमाबाईंचे आई-वडील १८७४ साली उपासमारीतच गेले होते.

२०१२ साली एका कवी संमेलनासाठी मी नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेलो होतो. सूत्रसंचालकानं माझं गाव सांगितल्यावर सभागृह नेहमीप्रमाणे हसलं. कार्यक्रमानंतर एक निवृत्त शिक्षक भेटायला आले. धर्मानं ख्रिस्ती, वय सत्तरीच्या पुढे. ते हसले नव्हते. त्यांनी विचारलं, ‘कोणतं पेडगाव?’

त्यांची आजी दुष्काळातली अनाथ मुलगी. चर्चच्या नोंदवहीतली तिची बाप्तिस्म्याची नोंद त्यांनी उतरवून घेतली होती. अशा नोंदवहीत साधारणपणे तारीख, नाव, वय, आई-बापांची नावं, गाव, धंदा आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही असे रकाने असतात. अनाथांच्या बाबतीत निम्मे रकाने मोकळे राहतात. या नोंदीत नाव नवं होतं, आई-बापांचा रकाना कोरा होता, वय अंदाजे सात, आधीचा धर्म मुसलमान. आणि गावापुढे लिहिलं होतं : पेडगाव, मोगलाई.

ते बिचारे तीनदा श्रीगोंद्याच्या पेडगावला जाऊन आले होते. तिथे मोगलांची छावणी होती, किल्ला आहे. म्हणून मोगलाई, असा त्यांनी अर्थ लावला. कोणालाही तो पटला असता. पण नगर जिल्ह्यातला माणूस त्या काळी मोगलाई म्हणायचा ते निजामाच्या राज्याला. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आजी म्हणायची, ‘माझी आई आगगाडीच्या रुळाखाली माती टाकायची.’ भीमाकाठच्या पेडगावला आजही रेल्वे नाही.

मी तेवढ्यावर ‘तीच ही नन्ही’ असं म्हणालो नाही, आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. नन्ही हे काही नाव नव्हे. आमच्याकडे घरोघरी धाकट्या मुलीला नन्हीच म्हणतात. मुलांनी डीएनए चाचणी सुचवली. तर अब्बांच्या आणि त्या शिक्षकांच्या आज्या-आजोबांची पिढी सख्ख्या भावंडांची. माझ्यापर्यंत येता येता सामाईक अंश सरासरी दीड टक्का उरतो. ते म्हणाले, ‘दीड टक्क्यासाठी थुंकी कुठं धाडायची? मी तुला पुतण्या म्हणतो, तू मला चाचा म्हण.’ तेव्हापासून ते चाचा.

या प्रकरणातून मी एक धडा शिकलो. घर आपल्या वहीत राहिलेल्यांची नावं लिहितं, गेलेल्यांची नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या असोत, हेळव्यांच्या पोथ्या असोत की आमचे शजरे असोत, त्यांत बापाकडून मुलाकडे रेघ ओढलेली असते. मुली बहुधा नसतात. धर्म सोडून गेलेला तर पुसलाच जातो. त्याला शोधायचं असेल तर ज्या घरी तो गेला, त्या घरची वही उघडावी लागते.

आमच्या शेजारच्या जालन्याचं उदाहरण बघा. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर. त्यांच्या मागोमाग त्यांचा लहान भाऊ श्रीपतीही मिशनऱ्यांकडे गेला होता. वडील कोर्टात गेले, कोर्टानं मुलगा त्यांच्या हवाली केला. पण जातीत परत घ्यायचा की नाही, यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका आईची दोन मुलं. एकाचा माग चर्चच्या दप्तरात, दुसऱ्याचा कोर्टाच्या आणि वर्तमानपत्रांच्या. दोन्ही वाचल्याशिवाय ते घर कळत नाही.

काही घरांनी मात्र वेड पांघरलं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं दूर राहिल्या आणि नंतर स्वतः ख्रिस्ती झाल्या. दोन्हीकडच्या नातेवाइकांचे राग-लोभ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या मोकळेपणानं मांडले, की त्या घराचा इतिहास शोधायला कोणाला नोंदवही उघडायची गरज उरली नाही.

मिशनरी घराण्यांचीही हीच गत. रॉबर्ट ह्यूम मुंबईत जन्मले, वडीलही मिशनरी. त्यांचा पुतण्या एडवर्ड नगरला १८७६ साली जन्मला आणि डॉक्टर होऊन चीनला चांगशाला गेला. आज अशा घराण्यातला कोणी पणतू अमेरिकेत बसून पूर्वज शोधू लागला, तर त्याला नगरचा पत्ता काढावा लागतो. आणि आपल्याला त्यांच्याकडचा. कारण अमेरिकन मिशनचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. इंग्रजी अमलातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत युरोपियन जास्त, पण काही देशी ख्रिस्तीही सापडतात. १९९८ साली स्थापन झालेल्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेनं पुष्कळ नावांची सूची इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. आपल्याकडे १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक आहेत. आणि सर्वांत आधी, गावचं चर्च. तिथल्या पाळकसाहेबांना विनंती केली, की बहुतेक वेळा कपाट उघडतं.

मराठवाड्यातल्या माणसानं आणखी एक तयारी ठेवावी. आपले १९४८ पूर्वीचे कागद उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी धुंडाळायला सुरुवात केली, तेव्हा गावोगाव मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. माझी बीए मराठीची पदवी तिथे उपयोगी पडत नाही, मदरशात शिकलेली उर्दू पडते. नाव शोधताना त्याचे तीन-चार उच्चार धरावेत. गाव शोधताना तालुका आणि सरकार कोणाचं होतं ते तपासावं. आश्रमात मुलाचं नाव बदलत असे, कधी खर्च उचलणाऱ्या परदेशी देणगीदाराचंही नाव मुलाला मिळे. म्हणून नावापेक्षा वय, गाव आणि साल यांवर भिस्त ठेवावी. आणि घरच्या म्हाताऱ्यांना विचारताना, त्या काय बोलतात याबरोबर कुठे गप्प होतात, तेही टिपून ठेवावं.

हे सगळं झालं तरी खरं काम पुढेच होतं. फुफीला सांगायचं होतं. मी सांगितलं तर ती भडकली. ‘मढं उकरू नको. पोरगी टाकून आली म्हणून लोक त्या बाईला काय म्हणतील? आणि ती पोरगी किरिस्ताव झाली म्हणून आपल्याला?’ आठ-दहा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

हिवाळ्यात चाचा आले. स्टेशनवर उतरून त्यांनी आधी रुळाच्या भरावाकडे बघितलं. काही बोलले नाहीत. घरी फुफी पदर कपाळावर ओढून भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी सलाम केला, तिनं मान हलवली. बराच वेळ कोणीच बोलेना. मग फुफीनं एकच प्रश्न विचारला. धर्माचा नाही, नावाचा नाही.

‘पोटभर मिळायचं का तिला?’

चाचा म्हणाले, ‘मिळायचं. लिहायला-वाचायला शिकली. शाळेत मुलींना शिवण शिकवायची. चार मुलं झाली. म्हातारी होऊन गेली, आमच्या घरी.’

फुफी थोडा वेळ तशीच बसली. मग म्हणाली, ‘मग त्या माऊलीनं बरोबर केलं.’ आणि आत जाऊन तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

त्या वर्षीच्या शबेबरातीला मयतांची नावं फुफी सांगत होती आणि मी म्हणत होतो. पाळण्यातल्या पोरांच्या आधी ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘नन्ही.’ मी म्हटलं, ‘चालेल?’ ती म्हणाली, ‘देवाला कळतं कोणती.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)