घरबसल्या अरबी : शिक्षक कसा निवडावा?

दाभोळच्या बंदरांत एके काळीं अरबस्तानचे घोडे उतरत असत; पंधराव्या शतकांत इकडे आलेल्या अफानासी निकितिन या रशियन प्रवाशानें ती हकीकत लिहून ठेविली आहे. घोड्यांचा व्यापार संपला, परंतु समुद्रापलीकडचा संबंध तुटला नाहीं. आज रत्नागिरी जिल्ह्यांतील कितीतरी घरांतील कर्तीं माणसें दुबई, कुवेत, मस्कत येथें नोकरीस असतात. अशा घरांतील एखाद्या तरुणास अरबी शिकावीशी वाटली तर त्यानें काय करावें? मुंबई विद्यापीठांत अरबीचा विभाग आहे खरा. पण त्यासाठीं रत्नागिरीहून रोज मुंबईस कोण जाणार? इंटरनेटमुळें आतां कैरोंतील शिक्षक आपल्या घरीं बसून रत्नागिरींतील विद्यार्थ्यास शिकवूं शकतो. प्रेप्ली, आयटॉकी यांसारख्या संकेतस्थळांवर अशा शिक्षकांचीं नांवें, दर आणि वेळा मांडलेल्या असतात. नांवें इतकीं, कीं खरी अडचण तेथूनच सुरू होते.

शिक्षक शोधण्यापूर्वीं अरबी कोणती शिकावयाची, हें ठरविणें अगत्याचें आहे. वर्तमानपत्रांची, व्याख्यानांची आणि सरकारी कागदांची अरबी एक. तिला अरब लोक ‘फुस्हा’ म्हणतात. घरांत आणि बाजारांत बोलली जाणारी अरबी प्रत्येक देशांत निराळी. ‘आतां’ या साध्या शब्दास फुस्हामध्यें ‘अल्-आन’ म्हणतात. कैरोंत त्याचा ‘दिलवअती’ होतो, दमास्कसमध्यें ‘हल्लअ’ आणि आखातांत ‘अल्-हीन’. आठ महिने पैसे मोजून कैरोची बोली घोकलेला तरुण कुवेतच्या कचेरींत उभा राहिला, तर त्याचें म्हणणें समोरच्यास बहुधा समजेल, कारण इजिप्तचे चित्रपट सर्व अरब देशांत पाहिले जातात. परंतु समोरच्याचें उत्तर त्याला उमगेलच असें नाहीं, आणि नोकरीच्या जागीं तेंच महत्त्वाचें. ज्यास आखातांत जावयाचें आहे त्यानें फुस्हाचा पाया घालून आखाती बोली बोलणारा शिक्षक पाहावा. ज्यास ग्रंथ वाचावयाचे आहेत त्यास फुस्हा पुरे. लहानपणीं कुराणाचें पठण शिकलेल्यास लिपि आणि बरेचसे उच्चार आधींच अवगत असतात. तरी पठण म्हणजे संभाषण नव्हे, आणि ही गोष्ट त्यानें शिक्षकास पहिल्याच दिवशीं सांगावी, म्हणजे अक्षरओळखींत तास वायां जाणार नाहींत.

मराठी माणसाच्या पदरीं या भाषेची कांहीं पुंजी आधींच जमा आहे. रत्नागिरींत १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ मोठ्या हिरिरीनें चालविली. तरीहि तहसील कचेरी तहसीलच राहिली आणि महसूल महसूलच. तहसील, महसूल आणि ‘त्यांत काय हाशील?’ यांतील हाशील, हे तिन्ही शब्द ह-स-ल या एकाच अरबी धातूचे. पदरांत पडणें, गोळा होणें हा त्यांचा मूळ अर्थ. बहुतेक अरबी शब्द असेच तीन व्यंजनांच्या धातूपासून ठराविक सांच्यांत घडतात. हे सांचे उलगडून दाखविणारा शिक्षक शंभर शब्द पाठ करून घेणाऱ्यापेक्षां केव्हांहि बरा.

हे शब्द मराठींत आले, पण त्यांचे उच्चार मात्र वाटेंतच राहिले. अर्ज, नजर आणि मजकूर यांतील ‘ज’ मराठी लेखणीस एकच. अरबींत तीं तीन निरनिराळीं अक्षरें आहेत. अर्जामधील ‘ज’ अरबाच्या तोंडीं जड ‘द’सारखा होतो, मजकुरांतील जिभेचें टोंक दातांमध्यें धरून उच्चारतात, आणि नजरेंतील हा त्याचाच जड अवतार. म्हणून पहिल्या चांचणीच्या तासाला विद्यार्थ्यानें हेच तीन शब्द शिक्षकापुढें म्हणून पाहावेत. जो ‘वाहवा’ म्हणून पुढें जाईल त्यास नमस्कार करून मोकळें व्हावें. जो थांबवून पुन्हां म्हणावयास लावील तो शिक्षक. अर्ध्या तासांत विद्यार्थी स्वतः किती मिनिटें बोलला, हेंहि घड्याळ लावून पाहावें. रोमन अक्षरांतच शिकवीत राहून अठ्ठावीस अक्षरांची लिपि पुढें ढकलणारा शिक्षक टाळावा. अरबी लिहितांना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहींत, त्यामुळें लिपीची संवय लवकर लागणें इष्ट.

जन्मानें अरब असला म्हणजे शिक्षक झाला, असेंहि नव्हे. स्वतः कष्टानें अरबी शिकलेला भारतीय शिक्षक व्याकरण हिंदींतून किंवा उर्दूंतून अधिक नीट समजावून देतो. पहिले कांहीं महिने तो आणि नंतर संभाषणासाठीं अरब, ही जोड पुष्कळांस मानवेल.

राहिली व्यवहाराची बाब. रत्नागिरींत रात्रीचे आठ वाजतात तेव्हां कैरोंत हिवाळ्यांत साडेचार आणि उन्हाळ्यांत साडेपांच वाजलेले असतात, म्हणजे नोकरदारास संध्याकाळ सोयीची. शुक्रवारीं सुट्टी असते आणि रमजानांत वेळा बदलतात. दर बहुधा डॉलरांत सांगितलेला असतो. आरंभीं वीस तासांचे पैसे एकदम न भरतां चारपांचच तास घ्यावेत. आणि कोंकणच्या पावसाळ्यांत वीज गेली तर तास बुडाला असें धरतात कीं पुढें मिळतो, हें आधींच विचारून ठेवावें. बरेच शिक्षक बारा किंवा चोवीस तास अगोदर कळविल्यास वेळ बदलून देतात. वीज कांहीं चोवीस तास अगोदर कळवून जात नाहीं.