नव्या बाईकचे पहिले १००० किलोमीटर

नवी स्पोर्ट बाईक घरी आली की हातखंब्याला जाऊन महामार्गावर सुसाट सोडावीशी वाटते. मंडळी, थोडं थांबा! पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर अजून नीट बसलेल्या नसतात. वेग आणि भार बदलत राहिला की त्या छान बसतात. एकाच वेगाने तासभर पळवून नाही. म्हणून गाडी रनिंग-इनमध्ये असताना मला आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याचा रस्ताच आवडतो. चढ, उतार, वळणं. गिअर बदलत राहावेच लागतात, आणि सोबतीला समुद्र! आरपीएमची मर्यादा मात्र मॅन्युअलमधलीच पाळा. कोरे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडे असतात, वळणावर गाडी फार झुकवू नका. पहिली सर्व्हिसिंग वेळेत करा, ऑइलबरोबर धातूचा बारीक कीस निघून जातो.

आपल्याकडे किनारपट्टीवर खरा त्रास खाऱ्या वाऱ्याचा. भाट्याच्या किनाऱ्यावरून आलात की गाडी गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसून कोरडी करा, मगच ल्यूब मारा. एरवी साधारण ५०० किलोमीटरला, पावसाळ्यात त्याआधीच. आणि ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका. दमट हवेत आतल्या आत गंज चढतो.