मराठी मालिका, कन्नड मालिका अन् एकच पाकीट: कोणतं ॲप ठेवायचं, कोणतं बंद करायचं?

भालकी, औराद किंवा बसवकल्याणमधल्या एखाद्या मराठी घरात संध्याकाळी डोकावून बघा. आज्जीला स्टार प्रवाह पाहिजे. सून कलबुर्गीकडची असेल तर तिला झी कन्नड. पोरांना क्रिकेट, नाहीतर हिंदीत डब केलेला तेलुगू सिनेमा. टीव्ही एक, रिमोट एक. पैसे कापल्याचे मेसेज मात्र महिन्याला तीन-चार. अमुक ॲपचे १४९ गेले, तमुकचे १९९ गेले. त्यातलं एखादं ॲप गेल्या दोन महिन्यांत उघडलं तरी होतं का, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

कोणतं ॲप चांगलं याच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्या बहुतेक हिंदी-इंग्रजी वेबसिरीज मोजून केलेल्या असतात. बिदर-कलबुर्गीच्या घरांचा प्रश्न तो नाही. इथे एका छताखाली दोन-तीन भाषा नांदतात, आणि त्या सगळ्या कमीत कमी पैशात बसवायच्या असतात. १९५६ला हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा एकीकडे गेले, जहीराबाद-नारायणखेड दुसरीकडे, आणि उरलेला बिदर कर्नाटकात. सोयरिकी मात्र होत्या तशाच राहिल्या, त्यामुळे टीव्हीसमोर भाषाही तशाच बसतात.

केबलवर मराठी हा वरचा खर्च असतो. कर्नाटकात केबल आणि डिशचे तयार पॅक कन्नड धरून बनवलेले असतात. मराठी चॅनेल हवं तर ते वेगळं जोडून घ्यावं लागतं. १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार ग्राहकाला एकेक चॅनेल निवडून घेता येतं. म्हणजे ‘इकडं मराठी येत नाही’ एवढ्यावर केबलवाल्याने विषय संपवला, तर त्याच्याकडे चॅनेलची दरासहित यादी मागायला हरकत नाही.

ॲपचं गणित उलटं आहे. तिथे तुम्ही उदगीरात बसलात की कमलनगरात, याने फरक पडत नाही. आणि मराठी अन् कन्नड वाहिन्यांचे मालक बऱ्याच वेळा एकच आहेत. सीमाभागातल्या घराचा फायदा नेमका इथे आहे. म्हणून ॲपपासून सुरुवात न करता आधी घरात कोणतं चॅनेल लागतं ते बघावं.

चॅनेल कोणतं, ॲप कोणतं

स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही आता जिओहॉटस्टारवर आहेत. स्टार सुवर्णा आणि कलर्स कन्नडही तिथेच. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र करून १४ फेब्रुवारी २०२५ला हे ॲप सुरू झालं, त्यामुळे पूर्वी दोन ठिकाणी भरावे लागणारे पैसे एका ठिकाणी आले. आज्जीचं ‘ठरलं तर मग’ इथे, मराठी बिग बॉस इथे (२०२४ला त्याचं सूत्रसंचालन शेजारच्या लातूरच्या रितेश देशमुखने केलं), आणि सुदीपचं कन्नड बिग बॉसही इथेच. आयपीएलसुद्धा याच ॲपवर, आणि समालोचन मराठीत किंवा कन्नडमध्ये लावता येतं. २०२५च्या आयपीएलला दोन्ही भाषांची सोय होती. एका घरात एवढं सगळं देणारं दुसरं ॲप नाही.

झी मराठी आणि झी कन्नडसाठी झी५. मालिकांचे भाग टीव्हीच्या आधी बघायची सोयही त्यावर मिळते. इथे एक गंमत आहे. झी मराठीवरची ‘लक्ष्मी निवास’ ही झी कन्नडवरच्या ‘लक्ष्मी निवास’चीच मराठी आवृत्ती. सासू मराठीत बघते, सून कन्नडमध्ये बघते, आणि पुढं काय होणार हे सुनेला आधीच माहीत असतं! पण पैसे भरताना एक सांभाळायला पाहिजे. झी५ने भाषेनुसार पॅक आणले आहेत. स्वस्त पडतो म्हणून एका भाषेचा पॅक घेतला, तर दुसरी भाषा त्यात असेलच असं नाही. दोन भाषांचं घर असेल तर पॅकमध्ये कोणकोणत्या भाषा आहेत ते वाचूनच पुढे जावं.

सोनी मराठी सोनीलिव्हवर. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ एवढ्यासाठीच ते घेतलं असेल तर जरा थांबून विचार करावा. हास्यजत्रेतले कितीतरी तुकडे वाहिनीच्या यूट्यूबवर फुकट मिळतात, आणि सोनीची कन्नड मनोरंजन वाहिनी नाही. म्हणजे घरातल्या निम्म्या माणसांना त्याचा उपयोग मालिकांपुरता तरी नाही.

सन नेक्स्ट या ॲपकडे मराठी घरांचं फारसं लक्ष जात नाही. त्यावर उदया टीव्हीची कन्नड, जेमिनीची तेलुगू आणि २०२१ला सुरू झालेल्या सन मराठीची मराठी, अशा तिन्ही भाषा आहेत. औरादकडं, तेलंगणाच्या हद्दीला लागून राहणाऱ्यांना तेलुगू सिनेमाची गोडी असतेच. त्यांनी हे एकदा बघावं.

प्राइम व्हिडिओ आणि नेटफ्लिक्स मालिकांसाठी नाहीत, सिनेमासाठी आहेत. कन्नडमधला ‘कांतारा’ प्राइमवर आला, ‘केजीएफ २’ही आला. चैतन्य ताम्हाणेचा मराठी ‘द डिसायपल’ २०२१ला नेटफ्लिक्सवर आला, पण असे मराठी सिनेमे तिथे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. रोज रात्री मालिका बघणाऱ्या घराने नेटफ्लिक्स वर्षभर चालू ठेवणं म्हणजे लग्नाची भांडी रोजच्या स्वयंपाकाला काढण्यासारखं.

पैसे कुठे अडकतात

दर अधूनमधून बदलतात, म्हणून भरण्याआधी ॲपमध्ये बघावेत. तरी हिशोब कसा करायचा ते २०२५च्या दरांवरून कळेल. जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा मोबाइल प्लॅन वर्षाला ४९९, सुपर ८९९ आणि प्रीमियम १,४९९ होता. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन महिन्याला १४९ आणि बेसिक १९९. प्राइम वर्षाला १,४९९. जून २०२५पासून त्यात जाहिराती सुरू झाल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. आता बेरीज करा: सुपर, प्राइम आणि नेटफ्लिक्स बेसिक मिळून वर्षाचे ४,७८६ रुपये. यात झी५ आणि सोनीलिव्ह अजून धरलेलंच नाही.

सर्वांत जास्त लोक फसतात ते ‘मोबाइल प्लॅन’मध्ये. ४९९ बघून हात पुढे जातो. पण तो प्लॅन फोनपुरताच असतो. टीव्हीवर लावायला गेलं की प्लॅन वाढवा म्हणून सांगतो. आज्जी पाच इंचाच्या फोनवर मालिका बघणार नाही. घरात टीव्हीवरच बघणार असाल तर जिओहॉटस्टारचा निदान सुपर, नेटफ्लिक्सचा निदान बेसिक लागतो. सुपर एका वेळी दोन ठिकाणी चालतो, म्हणून सासू टीव्हीवर आणि सून फोनवर हा तंटा त्याच्यात मिटतो. बेसिक एकाच ठिकाणी चालतो.

दुसरी गोष्ट पुण्याच्या किंवा हैदराबादच्या पोराची. त्याच्या खात्याचा पासवर्ड गावाकडे वापरायचा ही जुनी रीत. नेटफ्लिक्सने जुलै २०२३पासून भारतात ती आवळली. खातं एका घरापुरतं. त्यामुळे पोराचं चालतंय या भरवशावर बसू नये.

रिचार्जही तपासावं. जिओ आणि एअरटेलच्या काही रिचार्जमध्ये जिओहॉटस्टार येतं, घरच्या फायबर कनेक्शनमध्येही काही ॲप येतात. एका हाताने रिचार्जमधून मिळतंय आणि दुसऱ्या हाताने त्याच ॲपचे वेगळे पैसे जातायत, असं होऊ शकतं. फक्त रिचार्जमधलं ॲप टीव्हीवर चालतं का आणि किती दिवस, एवढं आधी बघून घ्यावं.

बंद करायचं ठरलं तर ॲप फोनमधून काढून टाकल्याने पैसे थांबत नाहीत. फोनपे किंवा गुगल पेमध्ये ऑटोपे असं लिहिलेलं असतं, तिथे जाऊन ते रद्द करावं लागतं. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी मेसेज आला पाहिजे. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि घरातली मोठी माणसं न वाचताच सोडून देतात. आई-वडिलांच्या फोनवरचा ऑटोपे महिन्यातून एकदा पोरांनी उघडून बघितला तर बरं. रद्द केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत ॲप सहसा चालूच राहतं, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघायचं कारण नाही.

मग भालकीच्या त्या घराने काय करावं? जिओहॉटस्टारचा टीव्हीवर चालणारा प्लॅन वर्षाचा घ्यावा. मराठी, कन्नड आणि क्रिकेट तिन्ही त्यात निघतात. झी वाहिनीची मालिका रोज लागत असेल तरच झी५, दोन्ही भाषांसकट. प्राइम आणि नेटफ्लिक्स दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर घ्यावेत, मनात ठेवलेले पिच्चर बघावेत आणि बंद करावेत. प्राइमवरून सामान मागवत असाल तर त्याचा हिशोब वेगळा.

आणि ज्या घरात एवढंही परवडत नाही, तिथे प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे. २० नोव्हेंबर २०२४ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. सह्याद्री आणि चंदना, दोन्ही त्यावर फुकट लागतात.