दिवाडीचे बिशप : मातेउस दे कास्त्रो
डहाणू-तलासरीकरांनो, डहाणूचा किल्ला माहितीये ना? १७३९ पर्यंत तो पोर्तुगीजांकडे होता. डहाणू काय, गोवा काय, त्यांच्या मुलखात बिशप कोण होणार हे पोर्तुगालचा राजा ठरवायचा.

आज मी सांगतोय मातेउस दे कास्त्रोंबद्दल. गोव्यातल्या दिवाडी बेटावर ब्राह्मण घराण्यात जन्मलेले. गोव्याच्या आर्चबिशपनं त्यांना पाद्री करायला नकार दिला. मग हे गृहस्थ थेट रोमला गेले! तिथं शिकले, पाद्री झाले आणि १६३७ मध्ये बिशप. लॅटिन पंथाचे पहिले भारतीय बिशप!

पण नेमणूक राजाची नव्हती, रोमची होती. त्यामुळे गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्यांचा अधिकार मानलाच नाही. शेवटी त्यांनी शेजारच्या डिचोलीत मुक्काम केला. तिथं राज्य विजापूरच्या आदिलशहाचं. बिशप ख्रिस्ती, आणि आसरा मिळाला मुसलमान सुलतानाच्या मुलखात!