बॅटरी बदलण्याआधी इंजिनाचा आवाज ऐका

पौषात औंधला यमाई देवीची यात्रा भरते, तेव्हा थंडी ऐन भरात असते. खटाव-माण हा कोरडा मुलूख. दुपारी ऊन भाजतं आणि पहाटे बोटं आखडतात. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या गाड्यांपैकी एखादी सकाळी सुरू होत नाही आणि भोवती जमलेली माणसं एकमुखानं निकाल देतात, "बॅटरी गेली." कुणी धक्का द्यायला सरसावतं, कुणी मिस्त्रीला फोन लावतं. अडलेल्याला हात देण्याची ही रीत मोलाचीच आहे. पण निदान चुकलं तर काही हजारांची नवी बॅटरी बसते आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा तशीच अडते. म्हणून बॉनेट उघडण्याआधी एक गोष्ट करावी. खिडक्या बंद करून, गाणी थांबवून चावी फिरवावी आणि आवाज ऐकावा.

इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही, ही एक तक्रार. इंजिन फिरतच नाही, ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी, इलाजही वेगळे. या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. १९१०मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे किर्लोस्करांची डिझेल इंजिनं गावोगावच्या विहिरींवर बसली. त्यांना बॅटरी नव्हती. डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून चाक गरगरवायचं आणि वेग आला की खटका सोडायचा. तरीही इंजिन बोललं नाही तर शेतकरी डिझेलच्या नळीत हवा धरली का ते बघायचा. मोटारीचंही तसंच आहे. फक्त हँडल मारण्याचं काम आता सेल्फ करतो आणि सेल्फला बळ बॅटरी देते.

"टकटक आवाज आला म्हणजे बॅटरी संपली"

बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता मोठी आहे, खात्री मात्र नाही. सेल्फला एका क्षणी शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट लागतो, डिझेल गाडीला तर आणखी. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी चढली असेल, पकड ढिली असेल किंवा इंजिनाची अर्थची पट्टी गंजली असेल, तर भरलेली बॅटरीसुद्धा एवढा करंट पोचवू शकत नाही. हेडलाइट लावून सेल्फ मारून बघा. लाइट जवळपास विझलेच तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोडणी खराब आहे. लाइट लख्ख राहिले आणि नुसती एकच टक् झाली, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरीवर घ्यावा.

साधा मल्टीमीटर याहून नेमकं सांगतो. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी आणि १२च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर डायनामो चार्ज करत नाही, आणि मग नवी बॅटरीही उतरणारच. या तीन मोजण्यांना पाच मिनिटं पुरतात. बॅटरी बदलण्याआधी त्या करून दाखवायला सांगणं हा गाडीमालकाचा हक्कच आहे.

डायनामो तपासायला चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी पद्धत मात्र कायमची सोडावी. वायर निघताच व्होल्टेज एकदम उसळतं आणि आजच्या गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे संगणक, जळू शकतात.

"दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं की बॅटरी भरते"

इथं हिशेब करूनच पाहावा. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. लहान गाडीची बॅटरी असते पस्तीस अँपिअर-अवरची. लाइट चालू राहिले तर तीन-साडेतीन तासांत ती रिकामी होते. जागेवर उभ्या इंजिनाचा डायनामो थोडाच करंट देतो आणि त्यातलाही बराचसा गाडीच खाते. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला बाहेरच्या चार्जरवर काही तास हवेत.

थंडीनं बॅटरी मरते, हा समजही अर्धाच खरा. बॅटरीचं आयुष्य झिजवतो उन्हाळा. चैत्र-वैशाखात बॉनेटखाली जी धग साठते, तिनं पाणी उडतं आणि प्लेटा गंजतात. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि तेल घट्ट झाल्यानं इंजिन जड फिरतं. उन्हाळ्यात झालेलं नुकसान पौषात उघडं पडतं ते असं.

"धक्का दिला की कुठलीही गाडी सुरू होते"

गिअरची गाडी असेल आणि बॅटरीत थोडा जीव असेल तर होते. ऑटोमॅटिक गाडी होत नाही. बॅटरी पार मेलेली असेल तर ईसीयू आणि गाडीतला इंधनाचा पंपच जागे होत नाहीत, मग ढकलणाऱ्यांचा घाम वाया जातो.

औंधमध्ये या समजाला एक धोकाही चिकटलेला आहे. यमाईच्या मूळपीठाच्या टेकडीच्या उतारावर गाडी नुसती सोडून सुरू करण्याचा मोह होतो. बंद इंजिनाच्या गाडीला पॉवर स्टिअरिंगची साथ नसते. ब्रेकही एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखा घट्ट होतो. त्यात चावी काढलेली असेल तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. वळणाच्या उतारावर, तेही देवीला निघालेल्या माणसांच्या गर्दीत, हा प्रयोग कुणीही करू नये.

त्यापेक्षा जंपर केबल बरी. मात्र ट्रकच्या बॅटरीवरून ती जोडू नये, कारण ट्रकची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची असते. ट्रॅक्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो, तरी जोडण्याआधी खात्री करावी. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावावं. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा क्रम आहे.

इंजिन जोरात फिरतंय, पण पेट घेत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देऊ नये. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून इंधनाच्या पंपाची क्षणभर घूं येते का ऐका. नसेल तर फ्यूज पाहा. चावीचा दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरनं चावी ओळखलेली नाही, दुसरी चावी लावून बघा. बऱ्याच सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात, त्यामुळे गॅस भरलेला आणि पेट्रोलची टाकी कोरडी असली तरी त्या अडतात. सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं.

एका परिस्थितीत तर चावीला हातच लावायचा नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचा पूर सांगलीच्या घराघरांत शिरला, तेव्हा गाड्याही पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून सेल्फ मारणं हीच सगळ्यात महागडी चूक ठरते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. बुडालेल्या गाडीचे फोटो काढावेत, बॅटरीची मायनस वायर सोडावी, विमा कंपनीला कळवावं आणि गाडी क्रेनवर चढवून गॅरेजला न्यावी.