अतिनील किरणांपासून त्वचेचे संरक्षण : तेरखेडा परिसरातील श्रमिकांच्या संदर्भात

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाका उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. फटाके वाळविण्यासाठी ऊन आवश्यक असते. परिसरातील शेतीची कामेही उघड्यावरच चालतात. उन्हाचा विचार मात्र बहुधा उष्माघातापुरता केला जातो. उष्णता व अतिनील किरण या भिन्न बाबी आहेत. हा भेद स्पष्ट करून संरक्षणाचे सुलभ उपाय मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अतिनील किरणांचे स्वरूप :
या किरणांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांनी १८०१ मध्ये लावला. तरंगलांबीनुसार त्यांचे ए, बी व सी असे तीन प्रकार होतात. 'सी' किरण वातावरणात पूर्णपणे शोषले जातात. 'बी' किरणांचा अल्प भाग भूपृष्ठावर पोहोचतो. त्याने त्वचा भाजते व पेशींतील डीएनएला इजा होते. 'ए' किरण त्वचेत खोलवर जाऊन अकाली सुरकुत्या आणतात. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन काही प्रमाणात रक्षण करते, परंतु ते पुरेसे नसते. डोळ्यांत मोतीबिंदू होण्याचा धोकाही वाढतो.

उष्णता आणि अतिनील किरण :
अतिनील किरण शरीराला उष्णतेप्रमाणे जाणवत नाहीत. तेरखेड्यात सूर्य सर्वाधिक उंचीवर साडेबाराच्या सुमारास येतो व तेव्हाच हे किरण सर्वांत तीव्र असतात. तापमान मात्र त्यानंतर दोन-तीन तासांनी शिखर गाठते. तसेच सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशामुळे येथे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैत हवा थंड असली तरी विरळ ढगांतून हे किरण खाली येतात. म्हणून गारवा म्हणजे सुरक्षितता नव्हे.

संरक्षणाचे उपाय :
१) स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड असताना उघड्यावरील काम शक्यतो टाळावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.
२) माल उन्हात असला तरी माणसांनी सावलीत बसावे, माल पसरणे व गोळा करणे सकाळी आणि सायंकाळी उरकावे.
३) घट्ट विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे वापरावेत. सुती कापडात स्थिर विद्युत सहसा साठत नसल्याने दारूकामातही ते सुरक्षित ठरते.
४) गांधी टोपीने कान व मान झाकली जात नाही, त्यासाठी रुमाल, पदर किंवा रुंद काठाची टोपी घ्यावी.
५) उघड्या भागावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे. रोजंदारीवरील श्रमिकांना हा खर्च परवडत नसल्यास पहिल्या चार उपायांवर भर द्यावा.

निष्कर्ष :
त्वचेचे रक्षण हे सौंदर्यप्रसाधनापेक्षा कामाच्या वेळापत्रकाशी अधिक निगडित आहे. वेळापत्रक ठरविणे मजुराच्या हाती नसते. त्यामुळे सावलीची सोय व दुपारची सुटी ही मालकाची जबाबदारी ठरते.